आईचा मसाला निपाणीला का जात नाही?

खरं तर या शनिवारी दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गुरुवारी रात्री आईचा फोन आला आणि तेव्हापासून जे डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही. तेव्हा मंडळी, आजचा विषय कर. हो, तोच, इन्कम टॅक्स आणि जीएसटी. पळू नका. चहा घेऊन बसा, मीही दुसरा कप घेऊनच बसलोय :)

तर पार्श्वभूमी अशी. आई कोल्हापुरात असते आणि कांदा-लसूण मसाला करते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, डंकावर कुटून आणायच्या, हा उद्योग घरात मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. आधी नातेवाइकांपुरता, मग गल्लीपुरता. २०२४ च्या जानेवारीत मी सुट्टीवर गेलो होतो तेव्हा हौसेने तिला एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रेती म्हणून बसवून दिलं. पॅन, बँक खातं, अन्न सुरक्षेची नोंदणी, फोटो, सगळं मी केलं. तिने फक्त पाकिटं भरायची. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिने १ लाख ८६ हजारांचा मसाला विकला. पुण्याला, नागपूरला, एकदा तर गडचिरोलीला. बाईसाहेब जाम खूश.

आता गुरुवारचा फोन. आईचं माहेर निपाणी. कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटर, हायवेने तासाभराची वाट. तिथे मामीच्या भिशीतल्या बायकांनी मसाला मागवायला घेतला, तर स्क्रीनवर आलं की या पिनकोडवर ही वस्तू मिळत नाही.

"अरे, गडचिरोलीला जातंय आणि निपाणीला नाही म्हणतंय. तुझं ते कंप्युटर बिघडलंय का बघ जरा."

बघितलं. बिघडलेलं काही नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, रिक्वायरमेंटच तशी लिहिलेली आहे. निपाणी कर्नाटकात आहे आणि आईकडे जीएसटी क्रमांक नाही. विषय संपला.

नीट सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. (मलाही नव्हतं.) महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्या दुकानदाराची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. चांगला नियम आहे. छोट्या माणसाला छोटं राहू द्यावं, हे त्यामागचं तत्त्व. पण २०१७ च्या जीएसटी कायद्याचं कलम २४ या सवलतीला अपवाद सांगतं. तुम्ही राज्याबाहेर वस्तू विकली की नोंदणी सक्तीची. ऑनलाइन बाजारपेठेतून विकली तरी सक्तीची. उलाढाल किती याच्याशी संबंध नाही. ३५० रुपयांचं एक पाकीट विकलंत तरी तेच.

यातला दुसरा अपवाद १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडा सैल केला. पॅन देऊन पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, एकाच राज्यातून विकायचं, उलाढाल मर्यादेच्या आत ठेवायची आणि माल राज्याच्या हद्दीबाहेर पाठवायचा नाही. या अटींवर नोंदणीशिवाय ऑनलाइन विकता येतं. आई अशीच विकते. आणि बाजारपेठेवर बंधन आहे की अशा विक्रेत्याचा माल दुसऱ्या राज्यात जाऊच द्यायचा नाही. म्हणून गडचिरोली चालतं, निपाणी चालत नाही.

गंमत बघा. मसाल्याला मिरची लागते ती ब्याडगी आणि संकेश्वरी. ज्या गावांची नावं या मिरच्यांना आहेत ती दोन्ही गावं कर्नाटकात. म्हणजे मिरची ऐटीत हद्द ओलांडून येते आणि तिचा मसाला झाला की परत जाताना तिच्याकडे कागद मागतात. सीमाप्रश्न मी इथे उकरून काढत नाहीये, त्याला वेगळी माणसं समर्थ आहेत. मी फक्त पाकिटाबद्दल बोलतोय.

तुम्ही म्हणाल, मग घे ना नोंदणी, एवढं काय? नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या करदात्यांना तीन कामाच्या दिवसांत नोंदणी द्यायची सोयही झाली आहे. झाली आहे, आणि चांगलंच झालं. पण अडचण नोंदणी मिळण्याची नाहीच, अडचण तिच्यानंतर सुरू होते. मी आमच्या सीएला विचारलं. तो म्हणाला, महिन्याला ७०० रुपये. निपाणी, बेळगाव, गोवा मिळून आईची महिन्याला दहा पाकिटं जातील असं धरू. पाकिटामागे सगळं वजा जाता ८० रुपये सुटतात. म्हणजे ८०० रुपये मिळवायचे आणि ७०० सीएला द्यायचे. उरले शंभर.

थांबा, पुढे अजून आहे. एकदा नोंदणी झाली की ४० लाखांची सवलत संपली. म्हणजे निपाणीच्या दहा पाकिटांवरच नाही, तर पुण्या-नागपूरच्या प्रत्येक पाकिटावर ५ टक्के कर लावायचा. ३५० चं पाकीट ३६७ रुपये ५० पैशांचं होणार, किंवा साडेसतरा रुपये आईच्या ८० मधून जाणार. (मिरची-तेलावर भरलेल्या कराची थोडी वजावट मिळेल, पण गल्लीतल्या वाण्याकडून घेतलेल्या सामानाची पक्की बिलं आणायची कुठून?) शिवाय एखाद्या तिमाहीत आई आजारी पडली आणि एकही पाकीट विकलं नाही, तरी 'काही विकलं नाही' असं रिटर्न भरायचंच. नाही भरलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००. काहीच न केल्याचा दंड! शून्य रिटर्न एसएमएसने भरता येतं हे मान्य, पण भरायला आठवण तर राहिली पाहिजे.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं खरंच फिरलं ती सांगतो.

समजा मी नोकरी सोडली आणि पुण्यात बसून बंगळुरूच्या एका कंपनीला सॉफ्टवेअर लिहून द्यायला लागलो. वर्षाला १९ लाखांचं काम केलं. दुसऱ्या राज्यातला ग्राहक, मग मला जीएसटीची नोंदणी लागेल का? नाही! सेवा विकणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ मध्येच सूट मिळाली. वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर राज्याबाहेर खुशाल सेवा विका, नोंदणी नको. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत ही चूक त्यांच्या लक्षात आली. आणखी महिन्याभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑनलाइन मंचांवरून सेवा देणाऱ्यांनाही २० लाखांपर्यंत तशीच सूट मिळाली.

म्हणजे मी १९ लाखांचा कोड कर्नाटकात विकू शकतो आणि माझी आई ३५० रुपयांचा मसाला विकू शकत नाही. मी लॅपटॉपवर बोटं चालवतो म्हणून मला सूट. ती डंकासमोर रांगेत उभी राहते म्हणून तिला कलम २४. मला कोणी यातला न्याय समजावून सांगा, मी चहा पाजतो.

विरुद्ध बाजू मी वाचली नाही असं नाही. पहिला युक्तिवाद असा की जीएसटी हा माल जिथे वापरला जातो त्या राज्याचा कर आहे. कोल्हापूरच्या बाईने नोंदणी न करता निपाणीत विकलं तर कर्नाटकाचा कर बुडतो. ठीक. पण निपाणीतल्या मसाल्याच्या दुकानदाराला स्वतःला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. त्याच्या दुकानातून तेच पाकीट घेतलं असतं तरी सरकारला विक्रीवर शून्यच मिळालं असतं. मग बुडलं काय? आणि माझ्या कोडवरचा कर बुडालेला चालतो तो कसा?

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. ऑनलाइन विक्रीत खोटी नावं, खोटी बिलं, एकाच माणसाची चार खाती, असले प्रकार होतात. मोठा व्यापारी उलाढाल तुकड्यांत दाखवून सवलतीत लपेल. होतं असं, नाकारत नाही. पण लपायला सोपं कुठे आहे, तुम्हीच सांगा. रोखीच्या गल्ल्यावर, की जिथे प्रत्येक पाकिटाचा पिनकोड, पॅन आणि बँक खातं नोंदलेलं आहे तिथे? बाजारपेठ दर महिन्याला जीएसटीआर-८ नावाचं विवरण सरकारला देते आणि त्यात आईसारख्या बिननोंदणीच्या विक्रेत्यांची विक्रीही दाखवावी लागते. म्हणजे आईने किती विकलं हे आईच्या आधी सरकारला कळतं!

माझा सगळा मुद्दा इथे आहे. माहिती सरकारकडे आहेच. ती ज्याच्याकडून आली त्या मंचावरच सगळ्यात जास्त कागद मागितले जातात, आणि ज्याची काहीच माहिती नाही तो रोखीवाला सुखात असतो. छोट्या माणसाने उघडपणे धंदा करावा असं वाटत असेल तर उघडपणे करणं सोपं पाहिजे. आपल्याकडे बरोबर उलटं आहे.

हे फक्त जीएसटीचं नाही. आता घरातलं दुसरं प्रकरण ऐका.

बायको नोकरी करते आणि शनिवार-रविवार रेशमी धाग्यांची कानातली करते. २०२४-२५ मध्ये तिने ४२ हजारांची विकली, सगळी महाराष्ट्रातच आणि थेट, त्यामुळे जीएसटीचा प्रश्न नव्हता. प्रश्न आला इन्कम टॅक्सचा. छोट्या धंद्यांसाठी कलम ४४एडी होतं. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरायचा, हिशोबाच्या वह्या ठेवायच्या नाहीत. सुंदर तरतूद, खरंच. ४२ हजारांचे ६ टक्के म्हणजे २,५२० रुपये. तिच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून कर झाला ५२४ रुपये. आनंदाने भरला.

पण या ५२४ रुपयांपायी काय काय झालं? पगारदाराचं सोपं आयटीआर-१ बंद, आता आयटीआर-४. आम्ही घराच्या कर्जामुळे जुन्या करपद्धतीत आहोत. नुसत्या पगारदाराला दर वर्षी जुनी की नवी हे रिटर्नमध्येच निवडता येतं. पण धंद्याचं उत्पन्न असलं की १०-आयईए नावाचा वेगळा फॉर्म मुदतीत भरायचा. आणि एकदा जुनीतून नवीत परत आलात की धंद्याचं उत्पन्न आहे तोवर पुन्हा जुनीत जाता येत नाही. कर्जाच्या व्याजाचा हजारोंचा हिशोब कानातल्यांना बांधला गेला! ती म्हणाली, "मी कानातली करणं बंद करते, नको ती कटकट." चांगली इंजिनियर बाई, पण फॉर्मपुढे हरली.

आणि हे बघा. त्याच वर्षीपासून आयटीआर-१ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा दाखवायची सोय झाली. उत्तम. म्हणजे बसल्या जागी शेअरवर सव्वा लाख कमावले तर सोपा फॉर्म. बोटं दुखेपर्यंत धागे गुंडाळून २,५२० कमावले तर अवघड फॉर्म. एका ओळीचीच गोष्ट होती हो, घालून टाकायची!

१ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर कायद्याची अंमलाची तारीख. १९६१ चा कायदा गेला आणि कलमांचे आकडे बदलले. भाषा सोपी केली, हेही खरं. पण कायद्याची भाषा सोपी झाल्याने कानातली विकणाऱ्या बाईचं काम सोपं होत नाही.

ऑफिसात जेवताना हे सगळं सांगितलं तर पोरांनी काय सल्ला द्यावा? "दाखवतोस कशाला? एवढ्याशा रकमेकडे कोण बघतंय." दुसरा म्हणाला, "यूपीआय सासऱ्यांच्या खात्यावर घे." हसून बोलले, पण गंभीरपणे बोलले. वर्षाला वीस-पंचवीस लाख पगार घेणारी, सरकारच्या नावाने रोज शिमगा करणारी ही मंडळी. मला हा सल्ला पटत नाही. एक तर तो चुकीचा आहे. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पोर्टलवर दिसतं. त्यात बँक, फंड, बाजारपेठ, सगळ्यांनी कळवलेलं असतं, तेव्हा 'कोण बघतंय' हा प्रश्न निकालात निघाला. आणि दुसरं म्हणजे आपणच पळवाटा काढल्या तर नियम बदला म्हणायला तोंड कुठून आणायचं?

(जाता जाता, भीतीने उलट टोकही गाठू नका. घरातला जुना सोफा, फोन, सायकल ऑनलाइन विकलीत तर ते धंद्याचं उत्पन्न नाही, आणि घरगुती वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेतही धरत नाहीत. दागिने आणि चित्रं-शिल्पांसारख्या कलावस्तू मात्र अपवाद. मित्राकडून आलेले पार्टीचे पैसे म्हणजे उत्पन्न नव्हे, एवढं तर कळतंच.)

भीतीने काय होतं ते जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत दिसलं. यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. त्यांत भाजी, दूध असा करमुक्त माल विकणारेही होते. दुकानदारांनी काय केलं? क्यूआर कोड काढून ठेवले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. इतकी वर्षं ज्यांना डिजिटल व्हा, डिजिटल व्हा म्हणून सांगितलं, ते एका महिन्यात परत नोटांवर आले. आधी नोंद ठेवायला लावायची आणि मग तीच नोंद पुरावा म्हणून त्यांच्यासमोर फडकवायची, तर माणूस दुसरं काय शिकणार?

मग करायचं काय? नुसतं ओरडण्यात अर्थ नाही, म्हणून माझ्या मते दोनच गोष्टी.

एक. सेवेला जी राज्याबाहेरची सूट २०१७ मध्ये दिली, ती वस्तूंनाही द्या. ४० लाख नको, २० द्या, वाटलं तर १० द्या. फक्त पॅन असलेल्या आणि मंचावरूनच विकणाऱ्यांना द्या. नावनोंदणीची यंत्रणा २०२३ पासून तयारच आहे, त्यातली 'एकाच राज्यात' ही अट तेवढी काढायची. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी सोपी नोंदणी आणायला तत्त्वतः मान्यता मिळाली. पण तीही नोंदणीच. आईसारखीला सोपी नोंदणी नकोय, नोंदणीच नकोय.

दोन. इन्कम टॅक्समध्ये छोट्या विक्रीला एक ओळ द्या. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या किरकोळ धंद्याच्या जमेवर करही नाही आणि ती कळवायचीही नाही. जानेवारी २०२४ पासून तिथले मंच विक्रेत्यांची माहिती कर खात्याला देतात, पण ही सूट तशीच आहे. म्हणजे माहितीही घेतात आणि छोट्याला सोडूनही देतात. दोन्ही एकत्र करता येतं. आपल्याकडे सूट नको तर नको, निदान ५० हजारांपर्यंतची विक्री आयटीआर-१ मध्ये दाखवू द्या आणि तेवढ्यापुरती करपद्धतीच्या निवडीला कुलूप लावू नका. बायको ५२४ रुपये भरायला तयार आहे हो, तिला फक्त फॉर्म नकोत.

आता फोनचा शेवट सांगतो, तो मुद्दाम मागे ठेवला होता.

हे सगळं आईला सोपं करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग असं करते. रविवारी एसटीने जाऊन येते माहेरी. पिशवीत दहा पाकिटं नेते. मामी देईल वाटून. पैसे हातात घेईल. त्यात काय एवढं?"

ऑफिसात पोरांना भाषण देणारा मी, पण इथे दोन मिनिटं गप्प झालो. माझी आई, जिने आयुष्यात वाण्याचे चार आणेही बुडवले नाहीत, ती मला सहज सांगत होती की मसाला लपवून विकते. तिला ती लबाडी वाटत नव्हतीच. माहेरी मसाला नेणं ही लबाडी कशी असेल? वर्षानुवर्षं नेतेच आहे ती.

मी म्हटलं, "आई, भेट म्हणून दे. पैसे घेऊ नकोस."

"मग माझी मिरची काय फुकट येती व्हय? सरळ मार्गाने विकायचं म्हटलं तर काय करू, ते सांग."

सरळ मार्ग आहे. त्याचे महिन्याला ७०० रुपये पडतात आणि मागे शंभर उरतात. तेच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. रविवारी पिशवीत काय जाणार आहे, मी विचारलेलं नाही.

असो. चहा संपला. तुमच्या घरात लाडू, गोधड्या, कंदील, काही ना काही विकणारं कोणी असेलच. या आठवड्यात त्यांना एकदा विचारा, राज्याबाहेरची ऑर्डर आली तर काय करता. मला उत्तराची खात्री आहे, पण तुम्ही विचारून बघा.